दहा शेळ्यांना गूळपाणी

आमच्या कॉलेजच्या एका माजी प्राचार्यांच्या नावाचा जंत आहे. मी शिवी देत नाहीये. रीतसर छापून आलेलं आहे आणि ते बारसं मीच केलेलं आहे.

आमचा धंदा म्हणजे प्राणिशास्त्र, आणि त्यातही परजीवींचा अभ्यास, म्हणजे दुसऱ्याच्या पोटात फुकट राहून, खाऊनपिऊन वर त्यालाच आजारी पाडणाऱ्यांचा. या धंद्यात नवा जंत ज्याला सापडेल त्यानं नाव द्यायचं असतं. जगात म्हणे रंगरूपावरून देतात, गावावरून देतात. आमच्याकडे रीत वेगळी. आधी मार्गदर्शकांचं नाव. ते देऊन झालं असेल तर प्राचार्यांचं. आणि पदोन्नतीची मुलाखत जवळ आली असेल तर मुलाखतीला येणाऱ्या तज्ज्ञांचं. आपल्या आतड्यात किती मान्यवर ओळीनं बसलेत हे त्या बोकडाला बिचाऱ्याला कुठलं ठाऊक!

मी सोलापुरात तेहतीस वर्षं शिकवलं आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शुक्रवार पेठेत मला अजून 'जंतांच्या बाई' म्हणतात. सुरुवातीला राग यायचा. पण आमच्या बोळात एकाच आडनावाच्या तीन बाया, त्यामुळे पोस्टमनची सोय होते असं म्हणून मी तो सोडून दिला.

संशोधनाला जंत लागतात, जंत आतड्यात असतात आणि आतडी खाटकाकडे असतात. यात न कळण्यासारखं काही नाही, पण आमच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, त्या घरची सून सकाळी साडेसहाला स्टीलचा डबा घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभी! सासूबाईंनी त्या डब्यावर रंगानं मोठी फुली मारली आणि डबा जिन्याखालीच ठेवायचा असा हुकूम काढला. मी तो पाळला. बाकीचे फारसे पाळले नाहीत.

दुकान रशीदभाईंचं. पहिल्या दिवशी मी चार गिऱ्हाइकांदेखत खणखणीत आवाजात विचारलं, "आज जंत असलेली आतडी आहेत का?" दोघं पिशवी गुंडाळून चालते झाले. रशीदभाई सुरी ठेवून धावत बाहेर आले. "म्याडम, हात जोडतूं, सामने से नक्को आव. पिच्छे से आव, कित्ते बी कीडे लेको जाव!" पुढं वीस-बावीस वर्षं मी मागच्या दारानं गेले. काही काळानं ते स्वतःच निवडून ठेवायला लागले, गोल जंत एका वाटीत, पट्टकृमी दुसऱ्या वाटीत. माझ्या काही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांची नजर चांगली होती, आणि त्यांनी मुदतवाढ कधी मागितली नाही.

लोक घरीही यायचे. सात रस्त्याजवळचे एक दुकानदार आले, दार लावून घेतलं आणि टेबलावर काड्यापेटी ठेवली. "मॅडम, हे माझ्यातनं निघालंय. तीन डॉक्टर झाले, कुणालाच कळंना." मी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. मटकीचा मोड होता. चांगला शेपटीसकट. तसं सांगितलं तर गृहस्थांचा चेहरा पडला. "नीट बघा की. हलत होतं." मी म्हटलं मटकी आहे. ते म्हणाले मटकी हलते का? अर्धा तास वाद झाल्यावर मी हात टेकले आणि म्हटलं, अत्यंत दुर्मीळ आहे, पण निरुपद्रवी आहे. तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं. जिना उतरताना वळून म्हणाले, "नाव माझंच देणार नव्हं?"

आता प्राचार्यांच्या जंताकडे येते. पट्टकृमी म्हणजे लांब पांढरी फीत. तो दोन काचांमध्ये ठेवायचा, दोरा बांधायचा, वर वजन ठेवून चपटा करायचा आणि मग रंगवायचा. आतले अवयव कुठं आहेत, किती आहेत यावरून त्याची जात ठरते. त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती. पळापळीत नेहमीचं वजन सापडेना, म्हणून मी काचांवर विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टेबल-खुर्च्यांची जाडजूड नोंदवही, ठेवलं. दोन्ही खंड. दुसऱ्या दिवशी बघते तर अवयव भलत्याच ठिकाणी! नवी जात! प्राचार्यांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. चित्र मोठं करून, काचेच्या चौकटीत घालून त्यांनी ते केबिनमध्ये लावलं. येणारे-जाणारे विचारायचे, "हा कुठल्या नदीचा नकाशा?" आणि साहेब हसून म्हणायचे, "तो मी आहे."

दोन वर्षांनी, त्याच वेळी बाटलीत जपून ठेवलेला दुसरा जंत मी हलक्या हातानं दाबून बघितला. साधा जंत होता. रशीदभाईंच्या वाटीत रोज असायचा तो. डेडस्टॉक रजिस्टरच्या दोन खंडांखाली तुम्हीआम्ही दबलो तरी आपले अवयव जागेवर राहणार नाहीत, तिथं त्याचे काय राहणार! मी प्राचार्यांकडे गेले आणि चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे ऐकलं, चौकटीकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, बारसं झालं, लोकांनी पेढे खाल्ले. आता बाळच नव्हतं म्हणून कसं सांगायचं?" मीही गप्प बसले. त्याच लेखावर मला वरची जागा मिळाली होती, हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही सगळं प्राचार्यांवरच ढकलाल. तो जंत अजून पुस्तकांत जिवंत आहे.

हे आधी सांगितलं ते एवढ्यासाठी की ज्या एका कामासाठी मी खरोखर ही नोकरी केली, त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे.

शेळ्यांच्या पोटात केसाएवढा बारीक जंत असतो. तो रक्त पितो. पावसाळ्यात कोवळ्या गवताबरोबर तो पोटात जातो आणि तिथं बेसुमार वाढतो. शेळीच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक पडते, जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबायला लागते, आणि एक दिवस शेळी बसते ती उठत नाही. यावर दुकानात औषध मिळायचं. पण वर्षानुवर्षं तेच, तेही अर्धंमुर्धं पाजून जंतांना त्याची सवय लागली होती. ते पिऊन जंत तरतरीत व्हायचे असा माझा संशय आहे. मला दुसरं औषध शोधायचं होतं. नावं देऊन कंटाळा आला होता हो. निदान एक तरी जंत मरावा आणि एक तरी शेळी उठून उभी राहावी, एवढीच इच्छा होती.

काळी जिरी आणि आपल्याकडच्या माळावर उगवणारा एक कडू पाला यांचा अर्क मी कित्येक वर्षं करत होते. कृती इथं देत नाही. दिवाळी अंक हातात धरून कुणी शेळीपुढं बसेल. बशीत तो अर्क घातला की जंत वळवळायचे थांबत. पण बशीत मेला याला काही अर्थ नाही, बशीत जंत रॉकेलनंही मरतो. पोटात मेला पाहिजे आणि शेळी जगली पाहिजे. त्यासाठी जिवंत शेळ्या हव्या होत्या.

त्या गंगव्वाकडे मिळाल्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट मागं पडला की पुढं एक फाटा लागतो, तिथून आत तिची वस्ती. माझ्याच वयाची, उंच, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी बाई. वीस शेळ्या. आदल्या पावसाळ्यात तिच्या सहा मेल्या होत्या. मी औषधाचं बोलले तेव्हा तिनं दुसरं काही विचारलं नाही. "जगतील न्हवं?" एवढंच विचारलं.

"तेच तर बघायचंय," मी म्हटलं. माझ्या दृष्टीनं हे फार बरोबर उत्तर होतं.

बघायचं कसं, तेही सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. शेळ्या कधीकधी आपोआपही बऱ्या होतात. पाऊस सरतो, चारा सुधारतो, अंगात ताकद येते. मग श्रेय औषधाला द्यायचं की हवापाण्याला? म्हणून विसातल्या दहांना खरं औषध द्यायचं आणि दहांना नुसतंच काहीतरी द्यायचं. मी गूळपाणी ठरवलं. शेवटी औषधवाल्या दहांचे जंत कमी झाले आणि गूळपाणीवाल्यांचे झाले नाहीत, तर औषध खरं. आणि कुठल्या बाटलीत काय आहे हे पाजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, म्हणजे माया, पक्षपात असल्या भानगडी मधे येत नाहीत. ही पद्धत जगभर आहे आणि चांगली आहे. मी आजही तिच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेणार नाही.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून लाल आणि निळं सूत आणलं. दहा शेळ्यांच्या गळ्यात लाल, दहांच्या निळं. बाटल्यांच्या गळ्यातही तसंच. गूळपाण्याचा रंग मी काढ्यासारखा तपकिरी जमवला, वासासाठी चिमूटभर ओवा टाकला. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर माझ्या मलाच ओळखू येईनात. फार खूश होते मी स्वतःवर.

"बाई, ह्यो लाल-निळा फरक कशाचा हाय?" गंगव्वानं विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"मला न्हाय सांगायचं व्हय?"

"कुणालाच नाही."

तिनं बाटल्या उचलल्या. "बरं," म्हणाली.

दर शनिवारी मी एसटीनं जायची. गंगव्वानं आठवडाभर काय केलं याचा फॉर्म होता. तारीख, बाटली, शेळीचा नंबर आणि बरोबरची खूण. खुणा तिची सून करायची. नंबर मी दिले होते, एक ते वीस. गंगव्वा मात्र काशी, चंद्री, मुकी, खोडसाळ असंच म्हणायची आणि मी प्रत्येक वेळी तिला दुरुस्त करायची. मग मी प्रत्येक शेळीच्या लेंड्या वेगळ्या पिशवीत, नंबर घालून घ्यायची, कारण जंतांची अंडी लेंड्यांत सापडतात आणि ती मोजली की पोटातली खबर कळते. परतीच्या एसटीत कंडक्टरनं एकदा विचारलं, "मॅडम, पिशवीत काय?" मी म्हटलं लेंड्या. त्यानं मला पुढच्या जागेवरून उठवून मागं बसवलं.

गंगव्वाच्या गोठ्याला लागून बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. पलीकडं तिच्या जावेचं, शांतव्वाचं घर. दोघींचं तेव्हा बोलणं नव्हतं. कुंपण कुणी कुठवर सरकवलं यावरून काहीतरी होतं. एका शनिवारी शांतव्वा कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिच्यामागं एक शेळी मान खाली घालून उभी होती, जबड्याखाली पिशवी लोंबत होती. "बाई, आमच्या बी शेळ्यांचं बघा की," ती म्हणाली.

मी हातातल्या कागदाकडं बघितलं. "त्या आपल्या यादीत नाहीत हो," मी म्हटलं. आणि एसटीची वेळ झाली होती म्हणून निघाले. तिच्याशी उद्धटपणे बोलले नाही. उलट फार सौजन्यानं बोलले. तेच आठवतं आता.

पावसाळा संपला. अंडी मोजली. लाल सुतवाल्यांची, म्हणजे खरं औषध मिळालेल्यांची, अंडी घटली होती. चांगली घटली होती. मग निळ्या सुतवाल्यांची मोजली. तीही घटली होती. तेवढीच. मी पुन्हा मोजली, तिसऱ्यांदा मोजली. काडीचा फरक नाही. म्हणजे औषधानं काही झालेलं नव्हतं. पाऊस सरला, चारा सुधारला, शेळ्या आपल्या आपण बऱ्या झाल्या, असा त्याचा सरळ अर्थ. मी इतकी वर्षं कडू पाणी उकळत बसले होते.

संशोधन समितीपुढं निकाल मांडला तेव्हा एक सदस्य मिश्किलपणे म्हणाले, "मॅडम, गूळपाण्यानंही जंत जातात हा केवढा शोध! गुळाचं पेटंट घेऊन टाका." सगळे हसले. मीही हसले. प्राचार्य, म्हणजे ते चौकटीतले, त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "तुमचा हात नव्या जातींवर चांगला बसलाय. औषधाच्या नादी कशाला लागता?" त्यांच्यानंतर येणाऱ्या प्राचार्यांच्या नावाचा जंत अजून शिल्लक होता, हेही त्यांनी सुचवलं.

माझ्यापुढं दोन वाटा होत्या. निकाल कपाटात टाकायचा, किंवा छापायचा. आमच्या धंद्यात 'औषध लागू पडलं नाही' असं कुणी छापत नाही. मी छापलं. जंताच्या बाबतीत एकदा गप्प बसले होते, आता बसायचं नाही असं ठरवलं होतं. औषध निरुपयोगी आहे असं मी माझ्या नावासकट लिहिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात प्रामाणिक कागद तो. निवृत्तीच्या भाषणात मी त्याचा अभिमानानं उल्लेखही केला होता.

गंगव्वाकडे शेवटचं गेले तेव्हा म्हटलं, काम संपलं. का संपलं ते सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं वाटलं.

यंदा श्रावणात दुपारी दार वाजलं. बघते तर गंगव्वा. केस पांढरे झालेले, हातात पिशवी. कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता काढत आली होती.

पाणी दिलं, चहा ठेवला. ती पाटावर बसली आणि एकदम मुद्द्यावर आली. "बाई, ते कडू औषद पायजे. औंदा लई मरायल्यात."

"कुठलं कडू औषध?"

"तुमचंच की. लाल सुतावालं."

मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. "लाल सुतवालं कडू होतं, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"चाखलं की," ती म्हणाली. "लेकराला पाजायच्या आदी आई चाखत न्हाय व्हय? येक कडूजार, येक ग्वाड. कडू त्येच औषद असतंय, येवढं कळंना व्हय मला? मग मनात आलं, निळ्यावाल्यांनी काय पाप केलंय? त्या काय सावतर हायत्या? दोनी बाटल्या घागरीत वतल्या, ढवळल्या, इसांना सारकं वाटलं."

"दर आठवड्याला?"

"मग!"

रंग जमवला होता मी. वास जमवला होता. शेळी काही चव सांगत नाही, म्हणून चवीचा विचारच केला नव्हता. पाजणारी बाई बाटली तोंडाला लावून बघेल हे जगातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि ती तसं करेल हे आमच्या सासूबाईंनीसुद्धा सांगितलं असतं.

"अगं पण फॉर्म!" रागात मी अगं-तुगंवर आले. "फॉर्मवर खुणा होत्या सगळ्या!"

"लाल पाजलं का, खूण. निळं पाजलं का, खूण. दोनी पाजलं हुतं की. येकत्र पाजलं का म्हून त्यात कुटं इचारलं हुतं?"

तो रकाना नव्हता, हे खरंच होतं.

"मला एका शब्दानं सांगायचं नाही?"

"तुमी तरी सांगितलंसा व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "आन् शेवटी आलात तवा तोंड येवढंसं झालतं. मला वाटलं, घरात कोन गेलं काय. इचारावं कसं?" मग म्हणाली, "मागनं दोनदा आलते कालेजात. त्यो शिपाई म्हनला, बाई मीटिंगमदी हायत."

मीटिंगमध्ये मी बहुधा प्राचार्यांच्या जंताची चौकट कुठं लावायची यावर बोलत असेन.

"मग ते औषध..." मी म्हटलं. "त्या साली तुमच्या..."

"येक बी मेली न्हाय. त्याच्या आदी मेल्या, त्याच्या मागनं मेल्या. तेवढं येकच साल न्हाय." ती म्हणाली. "शांतव्वाच्या नऊ गेल्या त्या साली. कुपाणाच्या पल्याड."

मी खुर्ची ओढून बसले. दर शनिवारी मी त्या कुंपणाजवळून गेले होते. तोच गाव, तोच पाऊस, तेच गवत. आणि तिच्या शेळ्यांना ना औषध, ना गूळपाणी. मला जी तुलना हवी होती ती पलीकडं उभी होती, एकदा तर माझ्याशी बोललीही होती, आणि मी तिला यादीत नाही म्हणून सांगितलं होतं. पाऊस सरल्यानं शेळ्या आपोआप बऱ्या होतात, असं मी छापून मोकळी झाले होते. शांतव्वाच्या नऊ कुठं झाल्या आपोआप बऱ्या?

मला रडू आलं. गंगव्वासमोर, पदर तोंडाला लावून, पोटभर रडले. औषधासाठी रडले, इतक्या वर्षांसाठी रडले, आणि त्या मान खाली घालून उभ्या असलेल्या शेळीसाठी रडले, जिचा नंबरही मी घेतला नव्हता. गंगव्वा उठून चहाखालचा गॅस बंद करून आली. "यव्वा, असं काय करता," म्हणाली. "माजं बी चुकलंच की. घागरीत हुतं थोडं. शांतव्वाला द्याला पायजे हुतं. तवा आमचं बोलणं न्हवतं. आता बोलतो, तर दोगींच्या बी मरायल्यात."

थोडं सावरल्यावर मी तिला समजवायला लागले की हा पुरावा नव्हे. एका वस्तीवरच्या एका वर्षाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही, अर्धाच डोस गेला होता, शांतव्वाच्या शेळ्यांना दुसरंही काही झालेलं असू शकेल. हे सगळं खरं आहे. मी तेहतीस वर्षं हेच शिकवलं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "व्हय. पर औषद कवा द्याल?"

मी म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात आधी दाखवा, तिथलं औषध चालू ठेवा, आणि आठ दिवसांनी या. किती शेळ्या आहेत?

"माज्या बारा. आन् शांतव्वाच्या आठ." जिन्यात वळून म्हणाली, "ह्या बारीला तिच्या बी यादीत घ्या."

आठ दिवस घरात काळी जिरी भाजल्याचा, पाला उकळल्याचा वास होता. शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. प्रयोगशाळा नाही, तराजू स्वयंपाकघरातला, गाळणं चहाचं. सासूबाई असत्या तर सगळ्या भांड्यांवर फुल्या पडल्या असत्या. वीस बाटल्या धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या.

आता एक गोष्ट कबूल करते. शेवटच्या दिवशी मी गुळाची ढेप काढली. दहा बाटल्यांपुरता गूळ चिरलासुद्धा. वीस शेळ्या, दोन गोठे, एकच माळ. यावेळी चवही जमवता आली असती, कडुनिंबाची चार पानं टाकली की झालं. नीट, चोख, जगातल्या कुठल्याही समितीनं मानावा असा पुरावा. माझा तो प्रामाणिक कागद खोटा होता हे सिद्ध करायची एकच संधी. चिरलेल्या गुळाकडं बघत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग वीसही बाटल्या एकाच पातेल्यातून भरल्या.

गंगव्वा आली. बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. तिनं त्या बघितल्या, आणि मग तिची नजर ओट्यावरच्या ताटलीकडं गेली.

"गूळ कशाला चिरलाय?"

"चहाला."

"येवढा?"

मी ताटली बाजूला सरकवली. ती खाली बसली. पहिल्या बाटलीचं बूच काढलं, तळहातावर थेंब घेतला, चाटला. तोंड वेडंवाकडं केलं. बूच लावलं, बाटली पिशवीत घातली. दुसरी उघडली. मग तिसरी. मी समोर बसून बघत होते. विद्यापीठाच्या परीक्षकांनी माझं काम एवढं बारकाईनं कधी तपासलं नव्हतं. एकही बाटली तिनं सोडली नाही. विसाव्या बाटलीचा थेंब चाटून तिनं डोळे गच्च मिटले आणि तीही पिशवीत ठेवली.

मग हात पुढं केला.

"आना आता त्यो गूळ," ती म्हणाली. "तोंड लई कडू झालंय."